निळ्या पुस्तकातली शेगडी

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला, एका बँकेच्या वर सत्यशीला खरात यांचं ऑफिस आहे. पाटीवर 'खाजगी तपास' लिहिलंय, पण खरं सांगायचं तर तिथं येणारे निम्मे लोक 'मुलगा पितो का' एवढंच विचारायला येतात. त्या सोमवारी आलेली बाई मात्र खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "मला उद्या अटक होणार आहे."

तातेराव चहा ओतत होते. हवालदारकीतून निवृत्त झालेला माणूस, वजन भरपूर आणि वेग बेताचा. चहा बशीबाहेर गेला.

"मी तृप्ती बोराडे. मंठ्याला शाळेत इंग्रजी शिकवते. माझ्या सासऱ्यांचा खून झालाय. तो मीच केला असं सगळे म्हणून राह्यलेत."

"केलाय का?" सत्यशीलाबाईंनी विचारलं.

"न्हाई हो ताई!" तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "मी आत गेले तर माझी आकांक्षा त्याच घरात राहील. ज्या घरातल्या कुणीतरी आबांना मारलं, त्याच घरात. सहा वर्षांची आहे हो ती."

हळूहळू सगळं बाहेर आलं. नवरा अपघातात गेला तेव्हापासून तृप्ती सासरीच होती. सासरे भुजंगराव काचबिंदूनं आंधळे झालेले. एकदा जालन्यात, मस्तगडच्या रद्दीच्या दुकानात तिला एका इंग्रजी गुप्तहेराच्या कादंबऱ्यांची अख्खी मालिका मिळाली, बारा पुस्तकं. संध्याकाळी ती पुस्तक उघडून वाचायची आणि मराठीत सांगायची. तिच्या तोंडी पाद्र्याचा गुरव झाला आणि धुक्यातलं विलायती गाव मंठ्याच्या बाजारासारखं गजबजलं. म्हाताऱ्याला त्याचं असं वेड लागलं, की जेवायला उशीर चालायचा, खुनाला उशीर चालायचा नाही.

"खुनी कोण ते शेवटच्या प्रकरणाआधी ओळखायचं, अशी आमची पैज. हरले की चहा मी करायची. जिंकले तरी मीच करायची."

ती क्षणभर हसली, आणि त्या हसण्याचीच तिला लाज वाटली.

गेल्या आठवड्यात कडाक्याची थंडी होती. भुजंगरावांच्या खोलीत संध्याकाळी कोळशाची शेगडी असायची. झोपायच्या वेळी तृप्ती ती बाहेर अंगणात नेऊन ठेवायची. त्या रात्रीही नेली होती. सकाळी सासू उषाबाई चहा घेऊन गेल्या, तर दाराला बाहेरून कडी. आत शेगडी, खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबलेल्या, आणि कोळशाच्या वायूनं गुदमरून भुजंगराव गार पडलेले. चिंध्या तृप्तीच्या जुन्या साडीच्या होत्या. उशाशी मालिकेतलं निळं पुस्तक होतं, एका पानाचा कोपरा दुमडलेला.

"आणि आबांनी विहिरीचा मळा मृत्युपत्रात माझ्या नावे केलाय. घरात सगळ्यांना माहीत आहे."

"त्या पुस्तकात असा खून आहे?"

तृप्तीनं खाली पाहिलं.

"थोरल्या भाऊजींनी फौजदारांना तसंच सांगितलं," ती म्हणाली.

"मी तुम्हाला विचारलं."

"ताई, ते विचारू नका. मी काहीही बोलले तरी फासच आवळतोय."

ती गेल्यावर तातेराव म्हणाले, "मॅडम, बाईनंच केलंय. उत्तर देईना बघा."

"खोटं बोलायचं असतं तर उत्तर तयार असतं," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "गाडी काढा."

मंठ्याच्या ठाण्यात तातेरावांची जुनी ओळख कामाला आली. फौजदारांनी पिशवीतून निळं पुस्तक काढून दाखवलं. दुमडलेल्या पानाच्या कोपऱ्यावर फिकट गुलाबी डाग होता. त्याच पानावर रेघांनी काढलेलं चित्र होतं: भिंतीतल्या शेगडीपाशी दोन बाया चहा पीत बसलेल्या.

"तुम्ही वाचलंत का साहेब?"

"इंग्रजी आहे हो सगळं," फौजदार म्हणाले. "पंचनाम्यात नाव लिहून घेतलं. आत काय आहे ते म्हाताऱ्याच्या थोरल्या मुलानं सांगितलं."

सत्यशीलाबाईंनी हातमोजे घातले, बाकड्यावर बसल्या आणि पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. तातेरावांना आधी वाटलं चाळून राह्यल्यात. दुपार कलली, ठाण्यासमोरच्या हॉटेलातली भजी संपली, तरी बाई वाचतच होत्या. मधेच एकदा चक्क हसल्या.

"खून झालाय, अन् ह्या कादंबरी वाचून राह्यल्या," तातेराव भिंतीला म्हणाले.

पुस्तक मिटून बाई उठल्या. "फार छान आहे हो. म्हाताऱ्याला वेड का लागलं ते कळलं. चला आता बोराड्यांच्या घरी."

उषाबाई ओसरीवर बसल्या होत्या. रडून रडून आवाज बसलेला.

"मला त्या गोष्टीतलं काय कळत न्हाई बाई. मी त्या टायमाला देवळात भजनाला असते. आले की हे सांगायचे. अन् हल्ली एक वेगळंच खूळ. रोज हसायचे अन् म्हनायचे, 'आज बी एक पान उलटलं न्हाई गं.' कशाचं पान, कुनाचं पान! म्हातारपणी डोकं फिरतं, मी म्हनलं."

"असं कधीपासून म्हणत होते?"

"दिवाळीपासून. लई खुशीत असायचे पन."

सत्यशीलाबाईंनी म्हातारीचा हात थोडा वेळ धरून ठेवला.

थोरला मुलगा कल्याण सुतकातही त्याच्या कृषी सेवा केंद्रात भेटला. मक्याच्या बियाण्याचं पोतं सोडून तो गिऱ्हाइकाला मोजून देत होता. औषध लावलेल्या बियाण्यानं बोटं गुलाबी झालेली. ती टॉवेलला पुसत तो बाहेर आला.

"बसा की. आता काय लपवायचं? मी रोज संध्याकाळी दुकान बंद करून आबांपाशी बसायचो. ती गोष्ट मी ह्या कानांनी ऐकली. मोठ्या जमीनदाराला कुणीतरी मारतं. खोलीत शेगडी, फटींत चिंध्या, बाहेरून कडी. सेम टू सेम! हातात तेच निळं पुस्तक व्हतं तिच्या, दिवाळीपासून."

"पुढं खुनी कोण निघतो?"

"तिथवर आलीच न्हाई ना गोष्ट. त्याच्या आधीच तिनं आबांना…"

"पण ते तिच्या तोंडचं झालं. पुस्तकात आहे हे कशावरून?"

"सोता वाचलं न मी, त्या दुमडलेल्या पानावर. दवायांच्या डब्यावरचं इंग्रजी वाचतो, एवढं येत न्हाई व्हय?"

"मळा तिच्या नावे झाला, वाईट वाटलं असेल."

"वाटणारच! बारा महिने पाणी आहे त्या विहिरीला. माझा घाम गेलाय तिथं. पण बापापुढं काय बोलणार?"

कल्याणचा मुलगा हरिओम जालन्याला एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत होता. सुतकामुळं घरी आलेला. त्याच्याही नखांत गुलाबी रंग होता, कामाचा. तातेरावांनी बाईंना कोपरानं ढोसलं.

"काकूकडची सगळी पुस्तकं मी कॉलेजात असतानाच वाचली," हरिओम म्हणाला. "निळ्यातला खुनी मी निम्म्यातच ओळखला होता. पण काकू आजोबांना काय सांगायच्या ते मला माहीत नाही. मी रविवारी येतो, अन् रविवारी त्या पेपर तपासतात."

"काकूंनी मारलं असं वाटतं?"

"नाही," तो लगेच म्हणाला. "पण बाबा इतकं खात्रीनं सांगून राह्यले, मंग मी काय बोलू?"

बाहेर आल्यावर तातेरावांना दम निघेना. "मॅडम, हाच! गुलाबी बोटं, इंग्रजी येतं, अन् मळा उद्या ह्यालाच मिळणार."

"इंग्रजी येतं हे बरोबर हेरलंत, तातेराव. फक्त उलट्या बाजूनं धरलंत."

दुसऱ्या दिवशी सकाळी फौजदार अटकेच्या तयारीनंच आले होते. ओसरीवर सगळे जमले. तृप्ती खांबाला टेकून उभी होती. आकांक्षाला शेजारी पाठवलं होतं.

"पहिली गोष्ट," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "थंडीत शेगडी खोलीत राहिली आणि म्हातारा माणूस गेला, हा सरळ अपघात दिसला असता. मग चिंध्या तशाच का ठेवल्या? बाहेरून कडी का ठेवली? कारण खून हा खून दिसायला हवा होता. अपघात झाला असता तर मळा तृप्तीला गेला असता. खून करणाऱ्याला मात्र मेलेल्याची जमीन मिळत नाही. म्हणजे म्हातारा मरायला हवा होता आणि दोष तृप्तीवर यायला हवा होता. तृप्तीला स्वतःला यातून काय मिळणार?"

"ती वेंधळी असंल," कल्याण म्हणाला.

"बरं. दुसरी गोष्ट. पानाच्या कोपऱ्यावर बियाण्याचा गुलाबी रंग आहे. या घरात तो दोघांच्याच बोटांना असतो." बाईंनी फौजदारांकडून पुस्तक घेतलं आणि कल्याणपुढं धरलं. "तुम्ही हे पान वाचलंत म्हणालात. वाचा."

"त्याच टायमाला लागला असंल रंग. अन् आता चष्मा न्हाई माझ्यापाशी."

"मग हरिओम, तू वाच बाबा. मराठीत सांग."

हरिओमनं पुस्तक घेतलं. "एक बाई म्हणते, यंदा गुलाबांना कीड फार लागली. दुसरी म्हणते, मुळाशी राख टाका. मंग चहा…" त्यानं पुढचं पान उलटलं, मागचं पाहिलं. त्याचा चेहरा बदलत गेला. "बाबा, इथं खूनच नाही. ह्या पुस्तकात तर माणसाला नदीत बुडवतात. शेगडीचा खून ह्या मालिकेतच नाही, बाबा."

"हरिओमनं कोपरा दुमडला असता तर हे त्याला तेव्हाच कळलं असतं," बाई म्हणाल्या. "तृप्तीला तर माहीतच होतं. ज्यानं दुमडला त्यानं गोष्ट ऐकली होती, पण पुस्तक त्याला वाचता येत नव्हतं. म्हणून त्यानं चित्र शोधलं. शेगडीचं चित्र."

"खोटं आहे!" कल्याण उसळला. "रोज ऐकलं मी! शेगडी, चिंध्या, कडी, सगळं तिनंच वाचलं. पुस्तक हातात धरून!"

"पुस्तक हातात होतं. वाचत नव्हती ती. तृप्ती, आता बोला."

तृप्ती खांब सोडून पुढं आली. "दिवाळीत बारावं पुस्तक संपलं. आबा लहान पोरासारखे कष्टी झाले. म्हणून मी खोटंच सांगितलं, की अजून एक आहे. जुनंच पुस्तक हातात घ्यायची आणि मनानं रचून सांगायची. हे फौजदारांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग हा खून तुमच्याच डोक्यातला."

"म्हणालोच असतो," फौजदार पुटपुटले.

"डोळस कल्याणरावांना ते दिसलं नाही," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आंधळ्या भुजंगरावांना पहिल्याच दिवशी कळलं. पान उलटल्याचा आवाजच येत नव्हता."

उषाबाईंनी तोंडावर पदर घेतला.

हरिओमनं पुस्तक खाली ठेवलं. "बाबा, तुम्ही?"

कल्याणनं मुलाकडे पाहिलं आणि तो मटकन खाली बसला. "तुझ्यासाठीच केलं रे," तो म्हणाला. "मळा परक्या घरच्या पोरीला चालला व्हता."

हरिओम अंगणात गेला आणि बापाकडे पाठ करून उभा राहिला. फौजदारांनी कल्याणला उठवलं. तातेरावांनी आपसूक दुसरा दंड धरला. जुनी सवय.

जीप गेली. ओसरीवर दोन बायकाच उरल्या, आणि काढता पाय घेणं न जमलेल्या सत्यशीलाबाई.

"माझ्यामुळं झालं, आत्या," तृप्ती रडत म्हणाली. "मी ती गोष्ट रचलीच नसती तर!"

उषाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग कोरड्या आवाजात विचारलं, "तुझ्या गोष्टीत खुनी कोण व्हता?"

"आधी थोरला मुलगा ठरवला होता. मग वाटलं, आबांना वाईट वाटेल. म्हणून डॉक्टरवर ढकलणार होते."

म्हातारी हळूहळू मान हलवत राहिली.

"त्यांनी ओळखलं व्हतं," ती म्हणाली. "मरायच्या आदल्या दिशीच म्हनले मला, 'थोरलाच हाय. पन पोरगी माझ्यासाठी बदलील बघ.' अन् हसले."

तृप्ती खाली बसली आणि तिनं सासूच्या मांडीवर डोकं ठेवलं. उषाबाईंचा हात मधेच थांबला, मग तिच्या केसांवर आला. नवरा मारला गेला होता आणि पोटचा पोरगा जीपमधून गेला होता. तरी शेजारून आकांक्षाची हाक आली, तेव्हा म्हातारीच उठून दार उघडायला गेली.