मागे बघणारा घोडा

"घड्याळ थांबवा! माझ्या घोड्याला कुणीतरी हात लावतंय."

पंचबाई लगबगीनं पटाशी आल्या. ग्रँडमास्टरांचा पुढे आलेला पांढरा घोडा आपल्याच राजाकडे तोंड करून उभा होता. दुसरा, अजून जागचा न हललेला, सरळ समोर बघत होता.

"हा घोडा तीनदा खेळलो. दर वेळी फेरी मारून येतो, तर हा वळलेला! असे घोडे फक्त माझे सर ठेवायचे. त्यांना जाऊन महिना झाला."

ग्रँडमास्टरांच्या पाठची खुर्ची रिकामी होती. दर स्पर्धेत सर तिथंच बसत. सगळ्यांची नजर तिकडे गेली.

"भूतबित काही नाही, यांचंच काम," ग्रँडमास्टरांनी समोर बोट दाखवलं. "मला हादरवायला. बाद करा यांना."

समोर बसलेल्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई, स्पर्धेतल्या सगळ्यात कच्च्या खेळाडू, पांढऱ्याफटक पडल्या. "लबाड ठरून घरी गेले, तर वर्गात कुठल्या तोंडानं उभी राहू?"

"तुमचे हात कुठे होते?" पंचबाईंनी विचारलं.

"मांडीखाली. चुकून सोंगटीला लागले की तीच खेळावी लागते ना!" त्यांच्या बोटांवर वेताच्या खुर्चीचे लाल वळ होते.

पंचबाई वळल्या. "आणि तुम्ही उठताना घोडा कसा होता?"

"कोण बघतंय! खेळलो, घड्याळ दाबलं, उठलो."

पंचबाईंनी शेजारचा मोकळा पट ओढला. "पहिल्यापासून खेळून दाखवा. सरांची शेवटची भेट कधी झाली?"

"झालीच नाही हो. मी दुसऱ्या गावी खेळत होतो. निरोप आला तेव्हा..." बोलता बोलता हातानं घोडा उचलला, ठेवला.

घोडा मागे बघत होता.

ग्रँडमास्टरांनी चटका बसावा तसा हात मागे घेतला.

"खेळलेला घोडाच वळतो, न खेळलेला नाही," पंचबाई हळूच म्हणाल्या. "तेव्हाच शंका आली. बाईंचे हात तर मांडीखाली. वळवणारा हात तुमचाच."

"पण मी तर त्यांच्या या सवयीची टिंगल करायचो!"

"ते समोर होते तोवर. आता ते कुठे राहणार? ज्या हाताला शिकवलं, त्याच हातात. गुरू असेच राहतात, बाबा."

ग्रँडमास्टरांनी डोळे पुसले, समोरच्या बाईंना हात जोडले. "बाई, चुकलो. बरोबरी घ्या."

"आत्तापर्यंत मी चोर होते, आता दया येतेय? बसा खाली! मघापासून घोड्याकडे बघताय, तुमचा हत्ती अडकलाय तो दिसला का?"

ग्रँडमास्टर पटावर वाकले. हत्ती खरंच अडकला होता.

पंचबाईंनी घड्याळ सुरू केलं.