पाचव्या कॉम्प्युटरचं जुनं कार्ड

घंटी वाजली तेव्हा वहिनी लोकरीचा गुंता सोडवत होत्या आणि भावजी मदतीच्या नावाखाली तो वाढवत होते.

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. भावजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. टपाल खात्यातून निवृत्त झाल्यापासून प्रत्येक तपासात सोबत असत. पत्ता कुठलाही असो, भावजी हमखास शोधून काढत. गुन्हेगार मात्र त्यांना आजवर एकही सापडला नव्हता.

दारात कॉम्प्युटर दुरुस्त करणारा कारागीर उभा होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, चेहरा पार उतरलेला.

"वहिनी, संध्याकाळपर्यंत एक कार्ड सापडलं नाही, तर मी चोर ठरतो. मग गावात मला कोण दारात उभं करील?"

"आधी बसा. कसलं कार्ड?"

"नेटवर्क कार्ड. ज्यात वायर खोचून कॉम्प्युटर एकमेकांना जोडतात ते. गालिच्यांचे नमुने काढणारं एक ऑफिस आहे. सहा कॉम्प्युटर, जुने पण ठणठणीत. कार्डं मात्र इतकी मंद, की नमुना या टेबलावरून त्या टेबलावर पोचेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. काल मी सहाही कार्डं काढून नवी बसवली. सगळ्यांचे दिवे हिरवे लागले, म्हणजे वेग वाढला. पण तेव्हा बघायला मालक नव्हते. आज बघतात तर पाचव्याचा दिवा नारिंगी. उघडला, तर आत जुनंच कार्ड! म्हणाले, तू नवं बसवलंच नाहीस, खिशात घातलंस."

"लिहून काही ठेवता?"

त्यानं वही पुढे केली. प्रत्येक कॉम्प्युटरपुढे दोन नंबर होते, एक काढलेल्या कार्डाचा, एक बसवलेल्याचा. प्रत्येक नंबर बारा अंक-अक्षरांचा.

"प्रत्येक कार्डाचा नंबर वेगळा असतो," तो म्हणाला. "जगात दुसऱ्या कुणाचा तोच नंबर सापडणार नाही. पण मालक म्हणतात, वहीत काय, कुणीही काहीही लिहील."

वहिनींनी लोकर बाजूला ठेवली. भावजींनी सुटकेचा निःश्वास टाकला.

ऑफिसात मालक तावातावानंच पुढे आले. "माझं साधं सांगणं होतं. काल सगळ्यांसमोर बजावलं, जे नव्या कार्डावर चालणार नाही ते भंगारात! आणि हा पठ्ठ्या जुनंच ठेवून गेला."

"आधी कॉम्प्युटर तर बघू," वहिनी म्हणाल्या.

कारागिरानं पाचव्याचं झाकण काढलं. वहिनी वाकून पाहू लागल्या. कार्ड धरून ठेवणाऱ्या स्क्रूचं डोकं चांगलंच ओरबाडलेलं होतं.

"हे तुमचं काम?"

"छे हो! माझा स्क्रूड्रायव्हर मापाचा आहे. बाकीचे पाच बघा ना."

बाकीच्या पाचांचे स्क्रू खरंच गुळगुळीत होते. वहिनींनी कार्डावरचा नंबर वहीशी ताडून पाहिला. काल पाचव्यातून जे काढलं होतं, तेच कार्ड परत पाचव्यात बसलं होतं.

"जुनं ते जुनं," भावजी म्हणाले. "त्यात काय एवढं?"

"हं," वहिनी म्हणाल्या.

काढलेली कार्डं कोठीत एका खोक्यात पडलेली होती. आता पाचच उरली होती, सगळी एका साच्यातली. कोठी सांभाळायला मालकांचा मेहुणा.

"खोकं उघडंच असतं?"

"भंगाराला कुलूप कोण लावतो? काल संध्याकाळपर्यंत सहा होती, मीच मोजली." मग तो जरा चाचरला. "हे बघा, मी एक नवं कार्ड जास्तीचं आहे का विचारलं होतं, हे कबूल. घरचा कॉम्प्युटर रडतो म्हणून. पण विचारलं होतं, उचललं नाही. आज तर मी सगळ्यांत शेवटी आलोय."

"सगळ्यांत आधी कोण येतं?"

"आत्या. किल्ली त्यांच्याकडेच असते."

बाहेर येताच भावजी कुजबुजले, "वहिनी, हाच! कसा चाचरला बघितलंत?"

"भावजी, तुम्ही माझ्यासमोर दुसरा लाडू उचलतानाही असेच चाचरता."

आत्या म्हणजे मालकांची सख्खी आत्या. तीस वर्षं नमुने काढत होती. पाचवा कॉम्प्युटर तिचाच, आणि त्यावर तिचा जुनापुराणा प्रोग्राम. टेबलावर रंगीत दोऱ्यांचे तुकडे आणि टोक मोडलेली कात्री. काचेखाली एक पिवळा पडलेला कागद होता.

"तुमच्याच कॉम्प्युटरचं कार्ड गेलं," वहिनी म्हणाल्या.

"जाऊ दे. मला कुठे घाई आहे? सकाळपासून काम छान चाललंय माझं." मान काही तिनं वर केली नाही. "त्या बिचाऱ्याला उगाच बोलणी बसली."

भावजी काचेवर वाकले होते. "हा फोन नंबर दिसतोय. पण लागायचा नाही, मध्येच अक्षरं आहेत. मोजून बारा."

वहिनी हसल्या. "शाबास, भावजी. आज तुम्हीच सोडवलंत."

"मी? काय सोडवलं?"

मालक आणि कारागीर दोघांना वहिनींनी आत्याच्या टेबलाशी बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"चोराला कार्ड हवं असतं," त्या म्हणाल्या, "तर त्यानं चोरी झाकायला खोक्यातलं कुठलंही जुनं कार्ड खुपसलं असतं. सहा जुळी भावंडं होती. पण इथे कुणीतरी नंबर बघून पाचव्याचंच कार्ड शोधलं. जगात एकच असलेला तो नंबर कुणाला हवा होता? तो या काचेखाली लिहिलाय. वहीशी ताडून बघा."

कारागिरानं ताडून पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अरे देवा! हा प्रोग्रामचा परवाना. कार्डाच्या नंबरशी बांधलेला! कार्ड बदललं की प्रोग्राम उघडणारच नाही. मी नेटवर्क चालतंय एवढंच बघितलं, हा उघडून बघितलाच नाही."

"आत्यांनी आज सकाळी पाहिलं. सगळ्यांच्या आधी, एकट्यांनी. पण हाताशी स्क्रूड्रायव्हर नव्हता." वहिनींनी मोडक्या टोकाची कात्री उचलली.

आत्यानं बटणांचा डबा उघडला आणि रुमालात गुंडाळलेलं नवं कार्ड टेबलावर ठेवलं. तिचे डोळे भरून आले होते.

"काल हा सहा वेळा कार्ड बसवताना मी बघत होते. त्यापेक्षा सुईत दोरा ओवणं अवघड. मी सांगणारच होते रे. पण तू म्हणालास, नव्यावर चालणार नाही ते भंगारात. माझे तीस वर्षांचे नमुने याच्यात आहेत. ते गेले की मी तरी इथे कशाला? आणि तू याच्यावर ओरडलास, तेव्हा माझी वाचाच बसली. चुकलं माझं."

मालक मटकन खुर्चीत बसले. "आत्या, आपला प्रत्येक गालिचा तुझ्या नमुन्यावर विणला जातो. मी तुला घरी बसवीन, असं वाटलंच कसं तुला?" मग ते कारागिराकडे वळले. "तुझी माफी मागतो. सगळ्यांसमोर ओरडलो, आता सगळ्यांसमोर सांगेन."

"पण मग कार्ड कुठलं ठेवायचं?" भावजींनी विचारलं. "नवं की जुनं?"

वहिनींनी कारागिराकडे पाहिलं. "आत आणखी एक जागा रिकामी दिसली मला."

"आहे की!" तो उडालाच. "वायर नव्याला लावू. जुनं नुसतं बसून राहील, प्रोग्रामला नंबर सांगायला."

दहा मिनिटांत दिवा हिरवा लागला. आत्यानं बटण दाबून प्रोग्राम उघडला आणि तिचा अर्धवट राहिलेला मोर पडद्यावर उमटला. मालकांनी तो आपल्या टेबलावर मागवला आणि आत्या पदरानं डोळे पुसेपर्यंत पोचलाही.

कारागिरानं वही काढून पाचव्यापुढे लिहिलं, 'कार्डं दोन. जुनं कुणीही काढू नये.'

मालकांनी ती ओळ वाचली, पेन मागून घेतलं आणि खाली सही केली.