मगरिबचं घड्याळ

रबाबला घड्याळं हवी होती ती काही वेळ बघायला नाही. वेळ काय, मोबाईलवर दिसते, ती कुणीही बघेल. तिला भिंत भरायची होती. जावेच्या दिवाणखान्यात तीन जुनी घड्याळं होती आणि सासरच्या बायका तिथे माना वर करकरून बघत बसायच्या, एवढंच काय ते दुःख. म्हणून बाईसाहेब नाकाला रुमाल लावून जेद्द्याच्या जुन्या बाजारात शिरल्या.

"हे सोफ्याच्या रंगाला जातं. ते कळकट, नको. आणि हे लाकडी... काचेवर बोटांचे डाग आहेत याच्या."

"पुसले की जातील, मॅडम," दुकानदार म्हणाला. त्याचं काय जातंय, भंगार खपत होतं.

"टिकटिक नको हं मला, डोकं उठतं. लंबक काढून टाका. आणि सगळ्यांचे काटे दहा वाजून दहा मिनिटांवर. हसल्यासारखी दिसतात."

घड्याळांनी हसायचं! काय एकेक हौस असते माणसाची. संध्याकाळपर्यंत ती सगळी भिंतीवर लागलीसुद्धा, मुकी आणि हसरी.

सासूबाई, झकिया त्यांचं नाव, मागच्या खोलीत असत. गुडघे कामातून गेलेले, वॉकर धरून चालायच्या. लाकडी घड्याळाकडे बघून त्या दारातच थबकल्या.

"अगं, हे मगरिबचं, सूर्यास्ताच्या नमाजाचं घड्याळ. आमच्या लहानपणी सूर्य बुडाला की बारा वाजायचे. अजान ऐकली की काटे बारावर आणायचे, मग परतणाऱ्या घरच्यांना दार उघडायचं, घरातल्या एकाचं ते कामच असायचं. असं मुकं करून टांगू नये गं. ज्याचं ते काम असायचं त्याचा जीव आत अडकून राहतो."

"खाला, तुम्हाला वस्तू दिसली की मढं दिसतं," रबाब म्हणाली आणि मोबाईलमध्ये डोकं घातलं. सासूला ती खालाच म्हणायची, मावशी.

दुसऱ्या दिवशी दिवे लावताना पाहते तर लाकडी घड्याळात बारा. बाकीची आपली हसतायत. तिने काटे जागेवर आणले. त्याच्या दुसऱ्या दिवशी मगरिबनंतर पुन्हा बारा! तिसऱ्या दिवशी तेच.

"पाय दुखतात म्हणे! माझी भिंत बिघडवायला बरे चालतात," ती नवऱ्याला ऐकवत होती.

हैथम बायकोपुढे कधी ब्र काढत नसे. "आई स्टुलावर कशी चढेल गं?" तो पुटपुटला.

"ते मला नको सांगूस. तलालकडे पाठव त्यांना."

धाकट्या दिराचं, तलालचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हातारी एकदा वर चढवली की खाली उतरायची ती खांद्यावरूनच. रबाबला हे पक्कं ठाऊक होतं.

ती सांगायला गेली तर सासूबाईंची पिशवी भरून तयार.

"मीच चाललेय. तलाल खाली आलाय."

"बरं झालं. चोरी पकडली गेली ना!"

"चोरी?" सासूबाईंनी आवाज खाली आणला. "पोरी, रोज तूच उठतेस... अजान झाली की मोबाईल ठेवतेस, स्टूल ओढतेस. डाव्या हाताने काटे फिरवतेस, ओढणीने काच पुसतेस. काल मी हाक मारली तुला. तू वळून बघितलंस... त्या नजरेला मी ओळखीची नव्हते गं. तिसरा मजला परवडला मला."

लबाड म्हातारी! रबाब तोंडावर हसली. पण तलालची गाडी गेल्यावर तिने डाव्या हाताची बोटं हुंगली. त्यांना जुन्या तेलाचा, पितळेचा वास होता. साबणाने धुतली तरी तो जाईना.

घड्याळ काढून टाकू, असं हैथम म्हणाला. काढायचं? आणि शुक्रवारी जाऊ आली की तिला रिकामा खिळा दाखवायचा? छे! म्हातारीला खोटं पाडायचं होतं.

"माझे दोन्ही हात खुर्चीला बांध आणि समोर बस. घट्ट बांध रे, तुला मेलं काही धड जमत नाही!"

उजेड तांबूस झाला. अजान सुरू झाली. रबाब डोळे फाडून काट्यांकडे बघत राहिली. खोलीत तेलाचा वास दाटला. अजान संपली. काटे होते तिथेच, आणि ती टक्क जागी! तिला हसू आवरेना.

"बघितलंस? तुझी आई एक नंबरची..."

समोरची खुर्ची रिकामी होती.

हैथम स्टूल ओढत होता.

"हैथम?... ए, चेष्टा पुरे हं..."

तो वर चढला. डाव्या हाताने काच उघडली, काटे बारावर आणले, बाहीने काच पुसली. लग्नापासून तिने त्याचा हात इतका स्थिर पाहिला नव्हता. मग तो खाली उतरला आणि तिच्याकडे बघत उभा राहिला. आपल्या घरात कोण परकी बाई बसलीय, तसा.

"खाला!" रबाब ओरडली. "खाला, या ना हो!..."

मागची खोली रिकामी होती. तिनेच केली होती ती.

हैथमने जाऊन बाहेरचं दार सताड उघडलं आणि अदबीने बाजूला झाला. जिन्यात कुणीही नव्हतं.

"या," तो हळूच म्हणाला, कुणा अनोळखी, थकलेल्या म्हाताऱ्या बाईच्या आवाजात. "ती आत बसलीय..."