चौदा दिवसांची पाळत

अवेळी आलेली सर नसती, तर तो त्या औषधाच्या दुकानात कधी शिरलाच नसता. त्याचं काम शेजारच्या इमारतीत होतं. तिथली लिफ्ट अडकली होती, आणि लिफ्ट दुरुस्त करणं हा त्याचा बारा वर्षांचा धंदा. पण रस्ता ओलांडता ओलांडता पावसानं गाठलं, आणि हत्यारांची पिशवी पोटाशी धरून तो समोर दिसलेल्या पहिल्या दारात घुसला. काउंटरमागं एक मुलगी बाटल्या पुसत होती. तिनं एकदा वर बघितलं, एक कोरडं फडकं त्याच्यापुढं सरकवलं आणि पुन्हा बाटल्या पुसू लागली.

दुसऱ्याच्या दुकानात फुकट उभं राहायचं म्हणजे भल्या माणसाला संकोच वाटतोच. त्यानं तोंड पुसलं, इकडंतिकडं पाहिलं, आणि काहीतरी मागायचं म्हणून मागितलं, "डासांची कॉइल द्या एक. बेटावर न्यायचीय."

बाटलीवरचा तिचा हात थांबला.

मग त्याला सगळं सांगावं लागलं. ताईनं आणि दाजींनी डायव्हिंगच्या एका रिसॉर्टचं बुकिंग करून ठेवलं होतं. आठ दिवस राहायचं, समुद्रात खाली उतरायचं, मासे बघायचे. ऐन वेळी दाजींचा पाय मोडला, ताई त्यांना सोडून जाईना, आणि ती सुट्टी या धाकट्या भावाच्या गळ्यात पडली. "वर-खाली करण्यातच जन्म गेला माझा," तो म्हणाला, "म्हटलं, एकदा पाण्यातही खाली जाऊन यावं."

ती हसली नाही. समुद्राच्या वाऱ्यात कॉइलचा काही उपयोग नाही, असं तिनं शांतपणे सांगितलं. पाण्यात उतरायला माणसं महिनाभर तयारी करतात, पण आजारी पडतात ती काठावर, डास चावून. एक कागद ओढून तिनं यादी लिहायला घेतली. अंगाला लावायचं औषध. कपड्यांवर फवारायचं वेगळं औषध. पूर्ण बाह्यांचे फिकट रंगाचे सदरे. बारीक जाळीची मच्छरदाणी, कारण वाळूतल्या माश्या इतक्या बारीक असतात की साध्या जाळीतून सहज आत येतात. चावल्यावर लावायचं मलम. लिहिता लिहिता तिची एक बट कपाळावर आली होती, आणि ती मागं सारायचंही तिला भान नव्हतं… पाऊस कधी थांबला ते त्याला कळलं नाही. शेजारच्या इमारतीतली माणसं मात्र तासभर जिने चढत होती.

यादीतल्या दुकानात मिळणाऱ्या सगळ्या वस्तू एका खेपेत नेता आल्या असत्या. त्यानं रोज एक न्यायला सुरुवात केली. दुकान तिच्या मामाचं. मामा आतल्या खोलीत बसून खोकी मोजायचा, आणि त्याच्या नजरेतून काही सुटत नसे. चौथ्या दिवशी तो भाचीला म्हणाला, "पोरी, गिऱ्हाइकं खूप पाहिली, पण औषधाचा रतीब लावलेला माणूस हा पहिलाच."

ती कानामागं बोट फिरवत कामाला लागली. पण त्या दिवसापासून संध्याकाळचे सहा वाजले की तिचे डोळे दाराकडं जाऊ लागले.

शिकवताना मात्र ती कडक. आधी उन्हाचं मलम लावायचं, ते मुरलं की मग डासांचं औषध. ती स्वतःच्या मनगटावर थेंब घेऊन हलक्या बोटानं पसरून दाखवी, आणि तो काउंटरच्या अलीकडं उभा राहून आपल्या मनगटावर तसंच करी. गवती वासाचा पातळ दरवळ दोघांच्या मधे तरंगत राही. एकदा त्यानं घोटा राहू दिला, तर तिनं ताबडतोब टोकलं. डासाला माणसाची विसरलेली जागाच आधी सापडते, असं तिचं म्हणणं.

"तुम्ही माझ्या बाजूच्या की डासांच्या?" त्यानं विचारलं.

"अजून ठरवलं नाही," ती म्हणाली. आणि आणखी एक ताकीद दिली – हात धुतल्याशिवाय पाण्यातल्या चष्म्याला हात लावायचा नाही. हे औषध प्लास्टिक खातं. मासे बघायला जाल आणि नुसतं धुकं बघून याल.

जायच्या आदल्या दिवशी तो शेवटची वस्तू न्यायला आला, आणि सहज म्हणाला, की खाली उतरल्यावर कान दुखतात म्हणे, तर अंगदुखीची ती जोरकस गोळी चार-सहा देऊन ठेवा.

तिचा चेहरा पांढरा पडला. "ती नाही मिळणार."

गोळ्या तिच्या पाठीमागच्या कप्प्यात दिसत होत्या. त्यानं तिकडं बघितलं, मग तिच्याकडं. तिनं साध्या तापाच्या गोळ्यांची पट्टी पुढं ठेवली आणि खाली मान घालून सांगितलं, ताप आला तर फक्त ही घ्यायची. दुसरी कुठलीही नाही, कुणीही दिली तरी नाही… आवाज इतका बारीक झाला होता की त्याला पुढं विचारवलं नाही. पट्टी खिशात घालून तो गेला.

माणूस बाहेरून दिसतो तो काउंटरच्या अलीकडचा. पलीकडं काय रचून ठेवलंय ते तो जाणे आणि देव जाणे. सहा वर्षांपूर्वी तिचे बाबा तापानं फणफणले होते. हाडं मोडून येतात म्हणत होते. डॉक्टरांची वेळ दुसऱ्या दिवशीची मिळाली होती. ती औषधशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. घरातलं अर्धं डॉक्टरपण तिच्याकडंच. बाबांचं कण्हणं ऐकवेना, म्हणून तिनं याच कप्प्यातली गोळी दिली. सकाळी एक, दुपारी एक. दुखणं थांबलं, बाबांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. पण तो ताप डासाचा होता. त्या तापात रक्त पातळ होतं, आणि ती गोळी त्याला आणखी वाट करून देते. तिसऱ्या दिवशी बाबा गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिला एकटीला बाजूला घेऊन कुठली गोळी दिली ते विचारलं, तिनं सांगितलं. त्याशिवायही असंच झालं असतं कदाचित, असं ते म्हणाले. त्या 'कदाचित'वर ती सहा वर्षं उभी होती. मामाला तिनं हे सांगितलं नव्हतं. कुणालाच नाही.

आठ दिवसांनी तो आला तो विमानतळावरून थेट दुकानात. रंग रापलेला, पाठीवर पिशवी. पाण्याखालची शांतता त्याला अजून सोडत नव्हती. तो हळू आवाजात सांगू लागला – खाली आपलाच श्वास तेवढा ऐकू येतो, आणि निळे मासे असे अंगावरून जातात जणू आपण तिथं नाहीच. औषध रोज लावलं. एक दिवस मात्र विसरला. बोट उशिरा आली, काठावर बसला, आणि मानेवर चांगले पाच-सहा चावे पडले.

तिनं हातातली पेटी खाली ठेवली. चावल्यावर ताप यायला चौदा दिवस लागू शकतात, तिनं सांगितलं. चौदा दिवस रोज यायचं. इथं बसून ताप बघायचा.

"घरी थर्मामीटर आहे माझ्याकडं."

"माझा त्याच्यावर विश्वास नाही."

"थर्मामीटरवर की माझ्यावर?"

"दोघांवर."

मग तो रोज येऊ लागला. दाराजवळच्या स्टुलावर जिभेखाली काचेची नळी धरून बसायचा, आणि बोलता येत नाही म्हणून नुसता बघायचा. तीही घड्याळाकडं बघत असल्यासारखं दाखवायची. एवढ्या मिनिटांत कुणी कुणाला काही सांगितलं नाही, तरी बरंच सांगून झालं. मामा आतून म्हणे, "काय, शिजला का?" आणि नळीमुळं त्याला उत्तर देता येत नसे.

सहाव्या दिवशी पारा एकशे दोनवर गेला.

तो ओठ चावून बसला होता. डावा कान ठणकत होता. अंग मोडून येतंय, तो म्हणाला, आणि मग बिचाऱ्यानं साध्या मनानं विचारलं, "आज तरी द्याल का ती गोळी? राहवत नाही."

तिनं काउंटरची कड धरली. क्षणभर तिला समोर तो दिसेना. पलंगावरचे बाबा दिसले. मनातल्या मनात तिनं देवाला हाक मारली – देवा, माझ्याच हातावर का पुन्हा? मग ती काउंटरच्या बाहेर आली, त्याच्या शेजारी बसली, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ते सगळं बोलली. सकाळची गोळी, दुपारची गोळी, डोक्यावरून फिरलेला हात. मधेच थांबली नाही, रडलीही नाही. शेवटी म्हणाली, "मी मारलं त्यांना. आता तुम्हाला इथं यायचं नसेल तर नका येऊ. पण आत्ता डॉक्टरांकडं चला."

तापलेल्या डोळ्यांनी त्यानं तिच्याकडं बघितलं.

"त्यांनी डोक्यावरून हात फिरवला ना?" तो म्हणाला. "तो कुणावर फिरवला, ते त्यांना माहीत होतं. दुखणं थांबवणाऱ्या लेकीवर."

त्यानंतर मात्र ती रडली.

डॉक्टरांनी रक्त दोनदा तपासायला लावलं, दोन दिवसांच्या अंतरानं. ते दोन दिवस तिनं कसे काढले ते तिचं तिला ठाऊक; जपाचे मणी सरकावेत तशी ती घड्याळाचे तास सरकावत होती. दुसऱ्या अहवालातही रक्त नीट होतं. ताप डासाचा नव्हता. समुद्राचं पाणी कानात राहून कान पिकला होता. थेंब घातले, चार दिवसांत दुखणं उतरलं. तरी चौदा दिवसांची पाळत तिनं सोडली नाही. चौदाव्या दिवशी पारा जागच्या जागी होता. तिनं नळी झटकली, पुसून ठेवली. तो उठला, काहीतरी बोलणार असं वाटलं… आणि "बराय, येतो" म्हणून गेला.

पंधराव्या दिवशी सहा वाजले, तो आला नाही. सोळाव्या दिवशीही नाही. सतराव्या दिवशी मामा खोकी मोजता मोजता म्हणाला, समोरच्या गल्लीतल्या सहा मजली इमारतीची लिफ्ट बंद आहे म्हणे. कुणाला उद्देशून म्हणाला ते त्यालाच माहीत. दुकानाच्या वेळात काउंटर कधी न सोडणाऱ्या भाचीनं पांढरा कोट काढून खुंटीला अडकवला आणि ती बाहेर पडली.

तळमजल्यावर लिफ्टचं दार उघडं होतं. आत माणसांना वर-खाली नेणारा पाळणा नव्हता. खाली काळोखा खड्डा, आणि खड्ड्यात दिव्याचा एक ठिपका हलत होता.

"आहात का?" तिनं विचारलं.

दिवा थांबला. थांबा, वर येतो, असा आवाज आला.

"नका येऊ. तिथंच राहा. समोर आलात तर मला बोलता येणार नाही." तिनं दाराची चौकट धरली. "का नाही आलात?"

तो खालून सावकाश बोलला. तिनं एवढं मोठं दुःख त्याच्यापुढं उघडं केलं. त्याच्यावर लगेच आपलं मागणं ठेवायचं, म्हणजे भाजलेल्या जागेवर हात ठेवण्यासारखं. ताप होता तोवर यायला कारण होतं. कारण संपलं, आणि धीरही संपला.

"मागणं काय होतं?"

"तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "पण त्या दिवसापासून मला एक सवय लागलीय. सहा वर्षं जे एकटीनं धरलं होतं, ते आता दोघांना माहीत आहे ही सवय. ती मोडायची नाही मला. ताप नसतानाही तुम्ही रोज यावं, असं मला वाटतं."

लिफ्टच्या विहिरीत बोललेलं सहाही मजल्यांवर ऐकू जातं, हे लिफ्टवाल्याला माहीत असतं. औषधवालीला कुठून असणार? वर चौथ्या मजल्यावरून कुणी आजोबा खाकरले. "अरे बाबा, हो तरी म्हण. आम्हाला अजून दोन मजले जिना चढायचाय."

खड्ड्यातून लोखंडी शिडीचा आवाज आला. आधी दिवा वर आला, मग केस, मग तो. कोपरापर्यंत हात वंगणानं काळे. तिचा हात धरायला निघाला आणि आपलेच हात बघून मागं सरला. तिनं ते काळे हात आपल्या हातात घेतले आणि घट्ट धरले.

"मला मामाला सांगायचंय," ती म्हणाली. "आजच. तुमचंही, आणि बाबांचंही. आधी बाबांचं."

"मी येऊ सोबत?"

"या. तुम्ही शेजारी असलात की सांगता येईल."

दोघं गल्लीत आले. संध्याकाळ व्हायला अजून अवकाश होता, आणि दुकानाच्या दारात मामा रस्त्याकडं तोंड करून उभा होता.