कोरी खुर्ची

दीर आला तो साध्याच कामाला. संध्याकाळी शोकसभा होती आणि हॉलमध्ये लावायला भावाचा फोटो हवा होता.

"वहिनी, एक तरी असेलच की."

"असता तर दिला नसता का?"

फोटो होते, पण एकातही हा माणूस धड दिसत नव्हता. शर्यतीत पळताना पुसट झालेला, नाहीतर व्हॉलीबॉलच्या नेटपाशी हवेत. पायाला भिंगरीच होती त्याच्या. चित्र काढतानाही विचारात पडला की ईझलमागे जागच्या जागी धावायचा. चेंडू लागून कायमची वाकडी झालेली करंगळी ब्रश धरला की बाहेर यायची, आणि मुलं हसून लोळायची.

त्याचं शेवटचं चित्र ईझलवर तसंच होतं. दोन्ही मुलं रंगवून झालेली, ती स्वतःही झालेली, शेजारची त्याची खुर्ची मात्र कोरी. "माझं काय, होईल नंतर," म्हणायचा. सगळ्या गल्लीचे चेहरे काढून झाले, स्वतःचा काढायला याला वेळ नव्हता.

"तुम्हीच भरा ना चेहरा," दीर म्हणाला. "तुमच्याइतका कुणाला पाठ असणार?" आणि तो हॉलवर गेला.

तिने ब्रश घेतला. नाक जमलं तर डोळे परक्याचे. पुसलं, पुन्हा काढलं, पुन्हा पुसलं. शेवटी तिचं डोकंच फिरलं. ब्रश भिरकावून ती समोरच्या स्टुलावर बसली. तो सगळ्यांना तिथेच बसवायचा.

"आता तरी ये आणि एका जागी बस! मेल्यावरही तुझी अर्धवट कामं मीच उरकायची का?"

तिने डोळे गच्च मिटले. रडूसुद्धा येईना.

टक्... टक्...

ब्रशची दांडी ईझलवर. 'हलू नकोस' असं सांगायची त्याची खूण. इतक्या वर्षांची सवय, ती हललीच नाही. टर्पेंटाइनचा वास आला, त्यात त्याच्या मालिशच्या तेलाचा. ईझलमागे पावलं जागच्या जागी धावू लागली.

"तू... आलास?"

कॅनव्हासवर ब्रश खरखरत राहिला. मग तिच्या डाव्या खांद्यावर मागून काहीतरी गार टेकलं. त्याचाच हात, तिला वाटलं, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला बरं वाटलं. ब्रशची खरखर चालूच होती.

आवाज थांबला तेव्हा तिने डोळे उघडले आणि उठून ती ईझलमागे गेली. खुर्ची अजून कोरीच. या माणसाने आताही स्वतःला काढलं नव्हतं! तिला मात्र नव्याने रंगवलं होतं. आजचाच चुरगळलेला ड्रेस, मिटलेले डोळे, रंग ओला. समोर दिसेल तेवढंच काढायचं, पदरचं काही घालायचं नाही, हा त्याचा जन्माचा हट्ट.

चित्रात तिच्या डाव्या खांद्यावर एक हात होता. तिने जवळ जाऊन करंगळी पाहिली.

सरळ होती.

खांदा अजून गारच होता.