बारावं सूत

सरांच्या आठवणीवर फार विसंबू नये, असं सर स्वतःच सांगतात. त्या दिवशी मंगळवार होता की बुधवार, छत्री बरोबर होती की नव्हती, कारखान्याच्या दाराला कडी होती की कुलूप, हे त्यांना दर वेळी वेगळं आठवतं. चाळीस वर्षं इतिहास शिकवलेल्या माणसाला अशी कबुली देताना कानकोंडं व्हायला होतं. आकडे मात्र ते चुकवत नाहीत. आकडे विसरावेत म्हणून त्यांनी पुष्कळ खटपट केली, ते गेले नाहीत.

काम साधं होतं. मेजरच्या स्मारकाचा दगड कोरायला टाकला होता. अनावरण चार दिवसांवर आलं होतं, आणि छिन्नी लागण्याआधी मजकूर तपासून द्यायचा होता. मेजर म्हणजे सरांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. डोंगरातली एक चौकी त्याने मूठभर माणसांनिशी तीन दिवस धरून ठेवली. त्या तीन दिवसांत पायथ्याची वस्ती म्हाताऱ्याकोताऱ्यांसह सुखरूप खाली उतरली, आणि चौथ्या दिवशी चौकीवर कोणी उरलं नाही. दगडावर वर मेजरचं नाव, खाली त्याच्याबरोबर पडलेल्यांची अकरा नावं. यादी सरांनी केली होती.

खरं तर कच्च्या यादीत बारा नावं होती. बारावा बिनतारी यंत्रावरचा शिपाई. त्याचा देह मिळाला नाही. दप्तरात त्याच्यापुढे 'बेपत्ता' एवढंच लिहिलं होतं, आणि त्या शब्दाला पाय फुटायला वेळ लागला नाही. पळाला म्हणे. सीमेपलीकडे दुकान टाकून बसलाय म्हणे. स्मारक समितीच्या अध्यक्षांनी सरळ विचारलं, "सर, तो तिथे मेला याला पुरावा आहे का?" पुरावा नव्हता. सरांनी पेन्सिलीने लिहिलेलं ते नाव रबराने खोडलं आणि वरचा चुरा फुंकून टाकला. शिपायाची थोरली बहीण कपडे शिवायची. ती विचारायला आली तेव्हा सर म्हणाले, "कागद मिळाला की बघू." ती "बरं" म्हणाली आणि गेली. ते "बरं" सरांना कुसळासारखं टोचत राहिलं होतं.

दगड कोरायचा कारखाना म्हणजे पत्र्याची एक लांब शेड. भर दुपार. वीज गेली होती, त्यामुळे दगड कापायचं यंत्र गप्प होतं, आणि ते गप्प असलं की तिथे स्वतःचा श्वाससुद्धा परक्याचा वाटे. ओल्या दगडाचा आणि गेरूचा वास कोंदला होता.

"या सर," मिस्त्री म्हणाले. "बसू नका. आधी हे बघा, मग खुशाल मला खुळा म्हणा."

दोन लाकडी ओंडक्यांवर काळा दगड आडवा ठेवला होता, आरशासारखा घासलेला. त्यावर तांबड्या रेघा होत्या. अक्षरांच्या ओळी सरळ याव्यात म्हणून मिस्त्री गेरूच्या पाण्यात दोरा भिजवत, एक टोक छिन्नीच्या वजनाखाली दाबत, दुसरं ताणून धरत आणि मधोमध उचलून सोडत. टण्ण. दगडावर रेघ उमटे. याला ते सूत मारणं म्हणत. प्रत्येक नावाला एक सूत.

"मोजा."

सरांनी मोजली. "बारा."

"मी अकरा मारली होती. परवा अकरा, काल अकरा. दोन्ही वेळा सकाळी येऊन बघतो तर बारा. पुसतोय आणि मारतोय. दगड कोरायचा सोडून मी धोबी झालोय."

"मोजण्यात चूक होते कधीकधी."

"सर, माझं शिक्षण चौथीपर्यंत. पण चौथीपर्यंत अकरा येऊन जातात."

सर हसले. पण हसू ओठांवरच राहिलं. दोघांनी मिळून रेघा पुसल्या आणि पुन्हा मारल्या. एक टोक मिस्त्रींनी धरलं, दुसरं सरांनी. अकरा. सरांनी प्रत्येकीवर बोट ठेवून मोजल्या आणि खिशातल्या वहीत आकडा लिहिला. जन्माची खोड.

"आता मी दोन घास खाऊन येतो," मिस्त्री म्हणाले. "तुम्ही मजकूर वाचा. पटला की गेरूत अंगठा बुडवा आणि कोपऱ्यात उठवा. ज्याने मजकूर दिला त्याचा अंगठा, मगच माझी छिन्नी. दगडावर रबर चालत नाही, सर."

ते सहजच बोलले. सरांना मात्र ते वर्मी लागलं.

मिस्त्री गेले. सरांनी चष्मा पुसला, कागद उघडला. 'शौर्य' वाचलं, 'नेतृत्व' वाचलं. गेरूच्या वाटीकडे हात नेला...

टक.

वर पत्रा तापला असेल, असं त्यांना वाटलं. उन्हात पत्रा वाजतोच.

टक. टक. आवाज पत्र्याचा नव्हता. दगडातून येत होता. बोटाच्या पेराने हलकेच टेकवावं तसा, एकेका रेघेवर, वरून खाली. जिथे तो पडे तिथला वाळलेला गेरू किंचित चुरगळत होता. सर मोजत नव्हते. मोजलं जात होतं. नऊ. दहा. अकरा.

मग थांबला.

ते थांबणं संपण्यासारखं नव्हतं. वर्गात हजेरी घेताना एक नाव उच्चारावं आणि उत्तर येऊ नये, मग शिक्षकाने मान वर करून बाकावर नजर फिरवावी, तसं ते थांबणं होतं. सरांच्या मानेवर घाम गार झाला.

पुन्हा पहिल्यापासून. टक. टक. अकरा. आणि पुन्हा तेच थांबणं.

सरांना मेजरच्या शोकसभेतला म्हातारा हवालदार आठवला. त्याने सांगितलं होतं, मेजरसाहेब हजेरी दुसऱ्या कोणाला घेऊ देत नसत. अंधारात, आवाज न करता, रांगेच्या मागून जायचे आणि प्रत्येकाच्या डाव्या खांद्यावर अंगठा टेकवायचे. आकडा जुळल्याशिवाय घास घ्यायचे नाहीत.

"कोण... कोण आहे?" सरांनी विचारलं.

टण्ण.

सुताचं रीळ भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेलं होतं. ते हलत होतं. दोरा वर गुंडाळलेला, कोरडा. आणि दगडावर अकराव्या रेघेखाली एक रेघ होती, ओली. तिच्या टोकाशी गेरूचा थेंब अजून ओघळत होता.

घरी कसं पोचलो ते सरांना आठवत नाही. बायको ताट वाढून बसली होती.

"अहो, चेहरा असा का झालाय?"

"ऊन लागलं." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "लहानपणी तुझा भाऊ कसा होता गं?"

तिने आपल्या ताटात भात घेतला. "एकदा आम्ही सगळी भावंडं रानात गेलो होतो. परत येताना यानं मोजलं, तर एक पोर कमी भरलं. सगळे म्हणाले, ते पुढे पळालं असेल, खोडकरच आहे. हा एकटाच मागे फिरला. काळोख पडला होता."

"मग?"

"पाय मुरगळून ओढ्याकाठी बसलं होतं ते. रडूनरडून आवाज बसलेला. त्या दिवसापासून 'पळालं असेल' एवढं कोणी म्हटलं की हा अंगावर धावून जायचा." तिने भात कालवता कालवता हात थांबवला. "तुम्ही ते नाव का खोडलंत, हे मी तुम्हाला एकदाही विचारलं नाही."

"आज विचार."

"आज तुमचं तोंडच सांगतंय."

संध्याकाळी सर अध्यक्षांकडे गेले. आयुष्यात ते कधी कोणाशी भांडले नव्हते. भांडणात समोरच्याचंही थोडं खरं वाटायचं त्यांना. आजही वाटत होतं. तरी त्यांनी खुर्ची घेतली नाही, उभ्यानेच सांगितलं.

"बारावं नाव जाईल दगडावर."

"पुरावा मिळाला?"

"नाही."

"सर, पुरावा नाही म्हणून तुम्हीच खोडलंत ना?"

"तो मेल्याचा पुरावा मी मागितला. पळाल्याचा मागितला नाही. चाळीस वर्षं मुलांना जे करू नका म्हणून शिकवलं, तेच मी केलं."

"आणि उद्या तो जिवंत सापडला तर? लोक तोंडात शेण घालतील!"

"माझ्या घालतील. मी तोंड उघडं ठेवतो."

"चार दिवस राहिलेत. पाहुणे ठरलेत. पत्रिका..."

"मेजरच्या बहिणीची संमती अजून कागदावर आलेली नाही," सर म्हणाले. आवाज आश्चर्यकारक सरळ निघत होता. "ती म्हणते, त्याच्या माणसांपैकी एक कमी असेल तर त्याचंही नाव लावू नका. कोरा दगड उभा करा आणि त्यावर पाहुण्यांचं भाषण ठेवा."

अध्यक्षांनी पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. शेवटी म्हणाले, "खाली सही करा, जबाबदारी तुमची म्हणून."

सरांनी केली. तारीखही घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते कारखान्यात गेले तेव्हा शिपायाची बहीण तिथे होती. अनावरणाचा पडदा समितीने तिच्याकडेच शिवायला टाकला होता. आपण काय करतोय हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. गळ्यात टेप अडकवून ती दगडाची मापं घेत होती. सरांना पाहून तिने टेप गुंडाळला.

"झालंच माझं, सर. निघते."

"थांबा, ताई." सर मिस्त्रींकडे वळले. "बारा नावं. शेवटचं लिहून घ्या." आणि त्यांनी ते नाव सांगितलं, हुद्द्यासकट, एकेक अक्षर सुटं करून.

बाईने ओंडक्याचा आधार घेतला. रडली नाही. "कागद मिळाला का, सर?" एवढंच विचारलं.

"नाही मिळाला. चूक झाली होती, ती दुरुस्त करतोय."

मिस्त्री दगडाजवळ आले. बाराही सुतं जागेवर होती, अकरांवर नावं रंगवून झाली होती. "म्हणजे ही पुसायची नाही," ते स्वतःशीच म्हणाले. ब्रश घेऊन त्यांनी शेवटच्या रेघेवर ते नाव रंगवलं. सरांनी वाटीत अंगठा बुडवला आणि दगडाच्या कोपऱ्यात उठवला. तेवढ्यात वीज गेली. यंत्राची घरघर विझत विझत थांबली.

टक.

मिस्त्रींचा ब्रश हवेतच राहिला. बाईने सरांची बाही धरली. टक. टक. वरून खाली, एकेका नावावर, घाई नाही. सरांचे ओठ हलत होते. दहा. अकरा...

बारा.

मग शांतता. कालची नव्हे, ही पुरी झालेली शांतता होती. बाहेर कुठेतरी कोणी जेवणाचा डबा उघडल्याचा आवाज आला, आणि तो फार मोठा वाटला.

"सर," मिस्त्री कुजबुजले, "हा अंगठा तुमचा?"

त्यांनी वाटी पुढे केली. दाट गेरूत सरांच्या अंगठ्याची बारीक खूण होती. तिच्या शेजारी दुसरी, रुंद आणि खोल. मिस्त्रींनी आपला अंगठा त्यात ठेवून पाहिला. दगड फोडून जाड झालेला त्यांचा अंगठा त्यात सैल बसला.

दगड ठरल्या दिवशी उभा राहिला. पडदा बाईनेच ओढला. ते सरांनी हट्टाने करून घेतलं. कोणी तोंडात शेण घातलं नाही. अध्यक्षांनी भाषणात बारा हा आकडा तीनदा उच्चारला, जणू तो त्यांचाच होता.

नऊ वर्षांनी डोंगरातली एक जुनी दरड उपसताना बारावा सापडला. चौकीच्या मागे नव्हे, पुढे, शत्रूच्या बाजूला शंभर पावलांवर. पाठीवर बिनतारी यंत्र होतं आणि मुठीत तुटलेल्या तारेची दोन टोकं, एकमेकांना पिळून जोडलेली. लष्कराकडून आलेला वस्तूंचा कागद घेऊन बहीण सरांकडे आली. "तुम्ही वाचा, सर. माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही माझा." सरांचाही स्वतःच्या डोळ्यांवर नव्हता. सातव्या ओळीपाशी, सदऱ्याच्या नोंदीपाशी, ते अडकले. म्हातारपणी, काठी टेकत, दोन दिवसांचा प्रवास करून ते दप्तरखान्यात गेले, आणि तो सदरा त्यांनी स्वतः पाहिला.

डाव्या खांद्यावर एक तांबडा गोल ठसा होता. प्रयोगशाळेच्या अहवालात लिहिलं होतं की ते रक्त नाही, गेरू आहे. त्या डोंगरात गेरू मिळत नाही, हेही खाली लिहिलं होतं. अहवालाची नक्कल सरांनी मूळ कागदाशी ओळ न् ओळ ताडून आणली आहे. ठसा अंगठ्याचा आहे, रुंद.