पाचव्या जीपची वाट

शनिवारी दीडनंतर आमच्या प्रयोगशाळेत नमुने घेत नाहीत. तशी पाटी दारावर आहे. एक चाळीसला आलेल्या त्या माणसाने ती पूर्ण वाचली, घड्याळात पाहिले आणि तरीही तो आत आला. हातात टॉवेलात गुंडाळलेले काहीतरी जड होते.

“मॅडम, मी हितेश भोईर. टिटवाळ्याला, मांड्यात गॅरेज आहे माझं. रेल्वेचं फाटक बंद होतं... तेवढी दहा मिनिटं माझ्यात धरू नका ना.”

कोलशेतच्या त्या खोलीत मी बारा वर्षे पोलाद तपासते आहे. लोक नमुना आणतात, पण त्यांना हवा असतो शिक्का. निष्कर्ष प्रतिकूल निघाला की “क्षिप्रामॅडम, थोडं बघा ना” सुरू होते. कामाने मी इतकी थकले नव्हते. त्या “थोडं”ने थकले होते. त्याला परत पाठवायला लागणारे त्राणही नव्हते, म्हणून मी टॉवेल उघडला.

“स्टेअरिंगचा आर्म,” तो म्हणाला. “जीप चार इंच उचलली ना, की स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा तिरका पडतो. मग खड्डा आला की गाडी स्वतःच्या मनाने वळते. म्हणून दांडा ज्याला जोडतात तो हा आर्म गॅसवर लाल केला, वर वाकवला, पाण्यात टाकला. दांडा परत आडवा!”

“पाण्यात कशासाठी?”

“कडक व्हायला. गावात कोयत्याला असंच पाणी देतात.”

“कडक झालाच असेल. काचही कडक असते.”

“तुम्ही सगळ्यांशी असंच बोलता, की मी उशिरा आलो म्हणून?”

“सगळ्यांशी.”

“मग ठीक आहे. मला वाटलं, माझ्यावर खास राग आहे...”

हसू आले होते. ते मी चष्मा पुसण्यात घालवले. “इतका विश्वास होता, तर तपासायला का आणलात?”

“पाच जीपना बसवलेत. एक माझी, चार गिऱ्हाइकांच्या. परवा वळताना माझ्या गाडीत कट् असा आवाज झाला. हा तिचाच आर्म.” त्याने मान खाली घातली. “तेव्हापासून जेवण जात नाही.”

आर्मवर मी लाल द्रव लावला, मुरू दिला, पुसला आणि वरून पांढरी भुकटी फवारली. पृष्ठभागाला भेग असेल तर तिच्यात शिरलेला लाल रंग हळूहळू वर येतो. थांबायचे फक्त दहा मिनिटे. एवढ्या वेळात माणसे फोन काढतात. हा मात्र गुडघ्यांवर हात ठेवून त्या लोखंडाकडे पाहत राहिला, जसा कुणी आजाऱ्याच्या उशाशी बसावा. बोटांवर भाजल्याचे जुने डाग होते. मी ते नऊ मोजले. का मोजले, हे मला सांगता आले नसते.

सातव्या मिनिटाला, नेमक्या वाकवलेल्या जागी, केसाएवढी लाल रेघ उमटली.

“तुटेल?” त्याने हळूच विचारले.

“कधी, ते सांगता येणार नाही. तुटेल, एवढं सांगता येतं.”

आता तो “थोडं” म्हणेल, या तयारीने मी पेन उचलले. त्याने फोन उचलला. त्या रेघेवरून फिरवलेली बोटे लाल झाली होती, म्हणून फोन टेबलावर ठेवून स्पीकर लावला.

पहिल्या गिऱ्हाइकाने मुकाट्याने गाडी उभी करायचे कबूल केले. दुसऱ्यानेही केले. तिसऱ्याने आधी शिव्या दिल्या. हितेशने ओशाळून माझ्याकडे पाहिले आणि आवाज कमी केला. चौथा मितेश, माजिवड्याचा.

“मितेश, गाडी काढू नको. आर्ममध्ये चूक झालीये. माझी.”

“काय रे भोईर, नवीन माल खपवायचाय का? आम्ही डोंगरात चाललोय उद्या. चल, ठेव.”

फोन बंद झाला. माझी नाडी मिनिटाला बहात्तर असते. त्या वेळी ती मोजायचे धैर्य मला झाले नाही.

“उद्या मी त्याच्या फाटकासमोर आडवा उभा राहतो,” तो म्हणाला. “पण मॅडम... बरोबर काय बसवायचं, ते सांगाल?”

मी सांगितले. आर्म वाकवायचा नाही. अखंड पोलादातून उंच घडवून घ्यायचा आणि भट्टीत मोजून तापवून घ्यायचा. दोन चाकांना जोडणारा दांडा जाड घ्यायचा. स्टेअरिंगकडून येणारा दांडा जवळजवळ आडवा येईल, असे त्याचे चाकाकडचे टोक उचलायचे. तो फॉर्मच्या पाठीवर आकृती काढत गेला. रेघा सरळ होत्या.

पुढचे चार शनिवार तो आला. प्रत्येक वेळी नवा सुटा भाग, नवा प्रश्न आणि दोन चहा. चौथ्या शनिवारी म्हणाला, “उद्या माझ्या गाडीची जोडणी आहे. माप घ्यायला कुणीतरी संशयी माणूस पाहिजे.”

“पगारी?”

“जेवणावर.”

ऑक्टोबरच्या कडक उन्हात मी मांड्याला पोहोचले. त्याची जीप जॅकवर होती. पुढच्या दोन टायरांमधले, पुढच्या बाजूचे अंतर मोजायचे, जीप उतरवायची, पुन्हा मोजायचे. फरक जितका कमी, तितकी गाडी खड्ड्यात सरळ राहणार. टेपचे एक टोक त्याच्याकडे, दुसरे माझ्याकडे. दोघेही जमिनीवर आडवे.

“शून्यावर धरलंय ना नीट?” मी विचारले.

“धरलंय. तुम्ही सोडू नका.”

“टेप मी कधी सोडत नाही.”

“टेपचंच म्हणतोय मी...” तो बंपरखालून म्हणाला, “सध्या.”

जुन्या आर्मवर फरक चौदा मिलिमीटर होता. आता दोन आला. मी तीनदा मोजला. दोनच.

त्याची आई, जनाबाई, दारातून वाकून बघत होत्या. “सकालपासून जिमिनीवर काय शोधतंस गो पोरी? चल, जेवाला चल. ह्याला पन ने. महिना झाला, नीट जेवला नाय.”

तो जेवला नव्हता, कारण मितेशची जीप अजून रस्त्यावर होती. बाकीच्या तीन गाड्या परत आल्या होत्या. त्यांतल्या दोघांनी नवे आर्म बसवून घेतले आणि पुन्हा येणार नाही म्हणून सांगितले. मितेशच्या फाटकावर हा त्या रविवारपासून रोज सकाळी जाऊन उभा राहत होता.

पहिला घास घेतो तोच हॉर्न वाजला.

“भोईर!” मितेश जीपमधूनच ओरडला. “रोज सकाळी तुझं तोंड बघायला लागतं. वॉचमन तुला चहा द्यायला लागलाय! मला म्हणतो, साहेब, बिचाऱ्याचं काम करून टाका ना. काढ तो आर्म एकदाचा.”

हितेश ताटावरून उठला. अर्ध्या तासात आर्म बाहेर आला. त्याने तो पुसला, कापडात गुंडाळला आणि माझ्यापुढे धरला. चेहऱ्यावर महिनाभराचा शीण होता, आणि पहिल्यांदाच थोडी उसंत.

“हा पण तपासा मॅडम. मितेशला कागदावर दाखवायचंय.”

“हा मी तपासणार नाही.”

त्याचा हात तसाच राहिला. “का? माझं काय चुकलं?”

“आमचा नियम आहे. परीक्षकाचा ग्राहकाशी संबंध असेल, तर नमुना दुसऱ्याकडे द्यायचा. सोमवारी माझी सहकारी निशिगंधा तपासेल.”

“संबंध?” तो अगदी हळू म्हणाला. “कसला... संबंध?”

बारा वर्षे मी फक्त लोखंडाबद्दल निष्कर्ष दिले होते.

“तुमच्याबाबतीत माझं मत निष्पक्ष राहिलेलं नाही. चार शनिवार पडताळून पाहिलंय. दर वेळी तोच निष्कर्ष.”

“खात्री आहे?”

“खात्री मी कुणालाच देत नाही. पण... शक्यता फार मोठी आहे.”

तो पडलेल्या टायरवर मटकन बसला, जणू महिनाभर उभाच होता. मग सरकून त्याने बाजूला जागा केली. मी बसले. माझेही पाय दुखत होते. बहुधा बारा वर्षांपासून.

“अरे, माझी गाडी आज जोडणार आहेस ना?” मितेश ओरडला.

“जोडतो रे. थांब जरा...” माझ्यावरची नजर न काढता तो म्हणाला. “क्षिप्रा—”

पुढे “मॅडम” म्हणायचे तो विसरला. मी दुरुस्ती सुचवली नाही.